रेबीजची लस आणि हातात बारा दिवस: प्रवासाला निघालेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

नवरा, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. सहा आठवड्यांचा मुक्काम अशा डोंगराळ भागात, जिथून मोठे रुग्णालय गाठायला दीड दिवस लागतो. वडील नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याच्या कामासाठी चालले होते. मुलाला सुट्टी होती, म्हणून तिघांनीही जायचे ठरले. निघायला बारा दिवस उरले असताना ते प्रवासाआधीच्या आरोग्यसल्ल्यासाठी डॉक्टरांकडे आले.

हे प्रकरण एका विशिष्ट घराचे नाही. अशा सल्ल्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एका कुटुंबात गुंफून ते मांडले आहे. लसीची, मात्रांची आणि नियमांची माहिती मात्र प्रत्यक्षातलीच आहे.

पहिली भेट: 'चावला तर घेऊ'

त्यांनी आणलेल्या यादीत टायफॉइड होता, हिपॅटायटिस ए होता, मलेरियाच्या गोळ्या होत्या. रेबीज नव्हता. डॉक्टरांनी विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, "आम्ही कुत्र्यांच्या वाटेला जाणारच नाही, डॉक्टर. आणि चावलाच एखादा, तर तेव्हा इंजेक्शनं घेऊ."

रेबीजच्या बाबतीत सर्वात जास्त वेळा ऐकू येणारे हे वाक्य. ते वरवर शहाणपणाचे वाटते, कारण रेबीज हा असा विरळा आजार आहे ज्यात विषाणू शरीरात शिरल्यानंतरही लस देऊन माणूस वाचवता येतो. लक्षणे दिसायला साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात दिसतात, तर कधी वर्षही जाते. लस तेवढ्या वेळात आपले काम करते. एकदा लक्षणे सुरू झाली की मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

डॉक्टरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: "कुठे घेणार?"

कारण चाव्यानंतरचा उपचार म्हणजे फक्त लस नव्हे. ज्याने आधी लस घेतलेली नाही, त्याला रक्त येईल असा चावा किंवा ओरखडा झाला तर दोन गोष्टी लागतात. एक लस आणि दुसरे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला सात ते दहा दिवस लागतात. तोवर जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरू नये म्हणून ही तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. मानवी रक्तापासून बनवलेले असेल तर वजनाच्या किलोमागे २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचे असेल तर ४० युनिट. काही ठिकाणी आता प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडेही वापरतात.

लस तुलनेने बऱ्याच ठिकाणी मिळते. इम्युनोग्लोब्युलिनचे तसे नाही. ते महाग असते, साठा कमी असतो, शीतपेटीत ठेवावे लागते आणि जगातल्या अनेक भागांत ते फक्त मोठ्या रुग्णालयांतच सापडते. लशीचा पहिला डोस दिल्यापासून सात दिवस उलटले की ते देऊन उपयोगही उरत नाही, कारण तोवर शरीराने स्वतःची प्रतिपिंडे बनवायला घेतलेली असतात.

आणि इथेच प्रवासाआधीच्या लसीचे खरे मोल आहे. ती घेतल्यावर चाव्यानंतरचा उपचार टळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बरेच जण इथे चुकतात. पण तो उपचार सोपा होतो. इम्युनोग्लोब्युलिनची गरजच राहत नाही. लसीचे फक्त दोन डोस लागतात, पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी (इथे आणि पुढेही पहिला दिवस शून्य धरून मोजायचे, म्हणजे तिसरा दिवस तीन दिवसांनी येतो). शरीरातल्या स्मृतिपेशींना विषाणूची ओळख आधीच पटलेली असते, त्यामुळे प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात.

म्हणून प्रवाशाने 'तिथे रेबीज आहे का' एवढ्यावरच न थांबता 'चावा झाला तर इम्युनोग्लोब्युलिन किती तासांत मिळेल' हे विचारावे, असे मला ठामपणे वाटते. रेबीजचा नकाशा बदलतो. बाली बेटावर २००८ पर्यंत कुत्र्यांमध्ये रेबीज नव्हता, त्यानंतर तो आला आणि टिकला. कुत्र्यांचा रेबीज नसलेल्या अनेक देशांत वटवाघळांमध्ये त्याचे विषाणू आढळतात. पण जवळचे रुग्णालय दीड दिवसावर आहे, ही गोष्ट नकाशा बदलला तरी तशीच राहते.

आई इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "आणि हा? याला कुत्र्याची पिल्लं दिसली की हा थांबतच नाही."

मुलांचा धोका वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मुले प्राण्याजवळ जातात, उंचीने लहान असल्याने चेहऱ्याला आणि मानेला चावा बसतो, आणि भीतीपोटी घरी सांगत नाहीत. डॉक्टर मुलाकडे वळून म्हणाले, "तुला ओरडा बसणार नाही. पण प्राण्याने चाटलं, ओरखडलं, चावलं, काहीही झालं तरी त्याच दिवशी आईला किंवा बाबांना सांगायचं. हे तुझं काम." मुलाने मान हलवली.

लसीत काय असते

निर्णय झाला. आता आईच्या शंका सुरू झाल्या, आणि त्या रास्त होत्या. तिला लहानपणापासून अंड्याची अ‍ॅलर्जी. नुसती खाज नव्हे, एकदा घशाला सूज येऊन श्वास अडला होता. शिवाय एका मलमाने तिला पुरळ आले होते. मलमाचे नाव तिने फोनमध्ये लिहून ठेवले होते. त्यात निओमायसिन होते.

आजच्या रेबीज लसींमध्ये विषाणू मेलेला असतो. तो पेशींवर वाढवतात, मग बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने त्याची जनुकीय सामग्री मोडून टाकतात, आणि शुद्ध करून कोरड्या भुकटीच्या रूपात भरतात. देण्याआधी त्यात द्रव मिसळतात. या लसीमुळे रेबीज होऊ शकत नाही. स्नायूत देण्याच्या एका डोसात किमान २.५ आंतरराष्ट्रीय युनिट ताकद असावी लागते. या लसींमध्ये सहसा अ‍ॅल्युमिनियमसारखा प्रतिकारवर्धक घटक नसतो.

फरक पडतो तो विषाणू कोणत्या पेशींवर वाढवला यावरून. तीन प्रकार प्रामुख्याने वापरात आहेत. एकात कोंबडीच्या गर्भाच्या पेशी असतात. त्या लसीत अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो, आणि स्थिर ठेवण्यासाठी गोवंशीय जिलेटिनपासून बनवलेले पॉलिजेलिन असते. दुसऱ्यात व्हेरो पेशी, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेली आणि गेली अनेक दशके प्रयोगशाळेत वाढवली जाणारी पेशींची रांग. तिसऱ्यात मानवी पेशी असतात, बहुधा १९६६ मध्ये सुरू केलेल्या एमआरसी-५ या रांगेतल्या. ही रांग गर्भाच्या फुफ्फुसाच्या ऊतीपासून आली आहे. ज्यांना धर्माच्या किंवा विवेकाच्या कारणाने जिलेटिन किंवा या पेशींबद्दल प्रश्न असतील त्यांनी डॉक्टरांना तसे सरळ विचारावे. पर्याय असतात, आणि प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही.

याशिवाय बऱ्याच बनावटींमध्ये मानवी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रथिन, आणि अँटिबायोटिकचे अंश असतात: निओमायसिन, काहींत पॉलिमिक्सिन बी आणि स्ट्रेप्टोमायसिन, तर कोंबडीच्या पेशींवरच्या लसीत क्लोरटेट्रासायक्लिन आणि बुरशीविरोधी अ‍ॅम्फोटेरिसिन बी. पेशी वाढवताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ती वापरलेली असतात.

आईसाठी याचा अर्थ असा होता. अंड्याने श्वास अडण्याइतकी तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर प्रवासाआधीसाठी कोंबडीच्या पेशींवरची लस टाळायची, व्हेरो किंवा मानवी पेशींवरची घ्यायची. निओमायसिनच्या मलमाने आलेले पुरळ हे मात्र त्वचेचे उशिरा उठणारे पुरळ होते. अशा इतिहासाने लस थांबत नाही. निओमायसिनने श्वास अडला असता किंवा रक्तदाब कोसळला असता, तर गोष्ट वेगळी होती.

एक गोष्ट डॉक्टरांनी तिच्या कागदावर वेगळी लिहून दिली. हा सगळा विचार चाव्याआधीचा. चावा झाल्यावर हातात फक्त कोंबडीच्या पेशींवरची लस असेल, तरी ती घ्यायचीच, अ‍ॅलर्जीच्या उपचाराची तयारी ठेवून आणि देखरेखीखाली. रेबीजचा संसर्ग होण्याची शक्यता असताना लस नाकारावी असे कोणतेही कारण नाही. गरोदरपणही नाही.

वडिलांचे हरवलेले कार्ड

वडिलांनी मग सांगितले की आधीच्या एका कामासाठी त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी रेबीजच्या लसीचे तीन डोस घेतले होते. कार्ड मात्र सापडत नव्हते. "औषध गुलाबी रंगाचं होतं, एवढं आठवतं."

ही आठवण खरी असण्याची शक्यता मोठी आहे. मानवी पेशींवरच्या एका लसीत फिनॉल रेड या रंगद्रव्याचा अंश असतो, त्यामुळे ती गुलाबी दिसते. पण आठवण म्हणजे नोंद नव्हे. लेखी पुरावा नसेल तर चाव्यानंतर त्या माणसाला लस न घेतलेलाच समजून पूर्ण उपचार, इम्युनोग्लोब्युलिनसह, द्यावे लागतात.

नोंद असती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणानुसार साध्या प्रवासाआधी त्यांना बूस्टरची गरज नव्हती. नोंद नसताना रक्तातली प्रतिपिंडे मोजणे हा एक मार्ग होता, मिलिलिटरमागे ०.५ युनिट किंवा जास्त आढळली की प्रतिसाद पुरेसा मानतात. ही चाचणी ठरावीक प्रयोगशाळांतच होते आणि अहवाल यायला वेळ लागतो. हातात बारा दिवस. डॉक्टरांनी चाचणीच्या मागे न लागता डोस पुन्हा द्यायचे ठरवले.

इथे लसीचा प्रकार पुन्हा आडवा आला. मानवी पेशींवरच्या लसीचा बूस्टर घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांना दोन ते एकवीस दिवसांच्या आत गांधी उठतात, सांधे दुखतात, ताप येतो. बीटा-प्रोपिओलॅक्टोनमुळे बदललेल्या मानवी अल्ब्युमिनविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देते, असे त्याचे कारण मानले जाते. ते जिवावर बेतत नाही, पण निर्जन भागात अंगभर गांधी घेऊन काम करणे नको होते. व्हेरो पेशींवरची लस आईला चालणार होती, वडिलांनाही तीच बरी होती, मुलाला कोणतीही चालली असती. तिघांसाठी एकच लस मागवली.

डोस आणि त्यांचा त्रास

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रवासाआधीच्या डोसांची संख्या तीनवरून दोनवर आणली: पहिला दिवस आणि सातवा दिवस. काही देशांत अजूनही तीन डोसांची पद्धत आहे, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे त्यांच्यासाठी तिसरा डोस आणि नंतर प्रतिपिंडांची तपासणी हवीच. या कुटुंबात तसे कोणी नव्हते. सात दिवसांचे अंतर बारा दिवसांत बसत होते.

लस स्नायूत देता येते किंवा त्वचेत. त्वचेतल्या पद्धतीत प्रत्येक भेटीत दोन ठिकाणी ०.१ मिलिलिटर देतात; औषध कमी लागते, पण हात सरावाचा हवा. सुई खोल गेली आणि कातडीवर फुगवटा आला नाही तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. क्लोरोक्विनच्या गोळ्या सुरू असताना त्वचेत दिलेल्या लसीचा प्रतिसाद कमी पडल्याचे आढळले आहे, म्हणून मलेरियाची कोणती गोळी घेणार हे लस देणाऱ्याला आधीच सांगावे. डॉक्टरांनी तिघांनाही स्नायूत, दंडाच्या वरच्या भागात लस दिली. अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. नितंबात कधीच नाही. तिथल्या चरबीत लस अडकते आणि प्रतिसाद कमी येतो.

पोटात चौदा इंजेक्शने ही जुन्या, मेंदूच्या ऊतीपासून बनवलेल्या लसीची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून ती बंद करण्याचा आग्रह धरला. आजच्या लसीला तिची भीती चिकटून राहिली आहे आणि त्या भीतीने लोक उपचार लांबवतात, याचे मला फार वाईट वाटते.

पहिल्या डोसानंतर तिघांनाही बसवून ठेवले, आईला इतरांपेक्षा जास्त वेळ. काही झाले नाही. रात्रीपर्यंत मुलाचा दंड दुखू लागला, थोडा लालही झाला. आईला दुसऱ्या दिवशी डोके दुखणे, अंग मोडून येणे आणि बारीक ताप. पॅरासिटामॉलने उतरला. दुसऱ्या डोसाच्या वेळी सुई बाहेर येताच वडिलांना घेरी आली. त्यांना आडवे केले, पाच मिनिटांत ते सावरले. सुईच्या भीतीने रक्तदाब उतरून येणारी ही घेरी लसीतल्या घटकांमुळे नसते, पण माणूस उभा असेल तर पडून डोके फुटू शकते.

दुखणे, सूज, खाज, डोकेदुखी, मळमळ, पोटात दुखणे, थकवा, अंगदुखी, काखेतल्या गाठी सुजणे हे सारे अपेक्षित आहे आणि बहुधा दोन-तीन दिवसांत जाते. अंगावर पटकन गांधी येणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वासाला घरघर, ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची चिन्हे; ती अतिशय दुर्मिळ, पण आली तर तत्काळ अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. डोस घेतल्यावर लगेच निघून न जाण्याचे कारण तेच. मज्जासंस्थेच्या विकारांची तुरळक नोंद आहे. त्यांचा लसीशी संबंध सिद्ध झालेला नाही.

निघताना प्रत्येकाला कार्ड मिळाले. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक, तारखा, आणि डोस स्नायूत दिल्याची नोंद. डॉक्टरांनी कार्डाचा फोटो काढून तिघांच्याही फोनमध्ये ठेवायला लावला.

तिसरा आठवडा

मुलाला पिल्लू सापडले. खेळताना त्याच्या दाताने पोटरीवर ओरखडा उमटला आणि रक्ताचा थेंब आला. मुलाने सांगितले नाही. रात्री झोपताना आईला पोटरीवर लाल रेघ दिसली. विचारल्यावर तो रडला आणि म्हणाला, "पिल्लू लहान होतं, चावलं नाही, खेळत होतं."

लहान पिल्लू निरुपद्रवी असते ही समजूत मोठ्यांनाही फसवते. २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये एका पिल्लाच्या संपर्कात आलेल्या नॉर्वेच्या एका प्रवाशाचा मायदेशी परतल्यावर रेबीजने मृत्यू झाला. त्याआधी २०१८ मध्ये मोरोक्कोत मांजर चावलेल्या ब्रिटनमधल्या एका प्रवाशाचाही.

रक्त आलेला ओरखडा हा तिसऱ्या, म्हणजे सर्वात धोक्याच्या वर्गातला संपर्क. पाच तास उलटून गेले होते, तरी आईने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. उशिरा धुतले तरी ते धुणेच. विषाणूभोवती मेदाचे आवरण असते आणि साबण ते फोडतो. मग पोव्हिडोन आयोडीन. जखमेवर दुसरे काही लेपले नाही, पट्टी घट्ट बांधली नाही. सकाळी पिल्लू शोधले. कुत्रा दहा दिवस नजरेखाली राहून निरोगी राहिला तर उपचार थांबवता येतो, पण पिल्लू सापडले नाही.

चार तासांवरच्या आरोग्य केंद्रात लस होती. इम्युनोग्लोब्युलिन नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी आधी तेच सांगितले: मोठ्या रुग्णालयात न्यावे लागेल, दीड दिवस. आईने कार्ड पुढे केले. त्यांनी तारखा वाचल्या, बॅच क्रमांक पाहिला आणि म्हणाले, "मग त्याची गरज नाही. आज एक डोस, तीन दिवसांनी एक. बस."

केंद्रात कोंबडीच्या पेशींवरची लस होती. आधीचे डोस व्हेरोवरच्या लसीचे होते, पण पेशींवरच्या लसींचा असा अदलाबदल चालतो, आणि मुलाला अंड्याचा त्रास नव्हता. धनुर्वाताच्या डोसांची नोंदही पाहिली. ते डोस पूर्ण होते. तिसऱ्या दिवशी दुसरा डोस झाला. दंड पुन्हा दुखला, दुसरे काही नाही.

मुलाने आधी लस घेतली नसती तर? त्याचे वजन २७ किलो. मानवी इम्युनोग्लोब्युलिन ५४० युनिट, घोड्याचे असेल तर १०८० युनिट, जखमेत आणि भोवती टोचायचे. त्यासाठी आधी दीड दिवसाचा रस्ता. आणि लसीचे चार डोस, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांच्या दरम्यान. सातवा दिवस प्रवासात गेला असता आणि शेवटचा डोस दुसऱ्याच ठिकाणी शोधावा लागला असता. अशा धावपळीत कितीतरी लोक मधला डोस चुकवतात.

घरी परतल्यावर दोन प्रश्न उरले होते. मुलाला पुढे पुन्हा ओरखडा झाला तर काय? उपचार पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत असेल तर जखम नीट धुणे पुरते, नवी लस लागत नाही. त्यानंतर झाला तर पुन्हा पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचे दोन डोस. दुसरा प्रश्न वडिलांचा होता: पुढच्या वर्षी काम आले तर पुन्हा बूस्टर घ्यायचा का? आता कार्ड आहे, तेव्हा साध्या प्रवासासाठी नाही. वटवाघळे हाताळण्याचे किंवा प्रयोगशाळेतले काम असेल तर प्रतिपिंडांची नियमित तपासणी करावी लागेल.